आखडलेलं बोलणं

लोक तिच्या नवऱ्याला मुका म्हणत. लोकांच्या जिभेला हाड नसतं. त्याला ऐकू येत नव्हतं, एवढंच; हातांनी बोलायला लागला की आवरायचा नाही. लाकडी सामानाला पॉलिश करणारा माणूस, बोटांना कायमचे तपकिरी डाग, आणि त्याच बोटांनी चहाच्या पहिल्या घोटापासून बडबड सुरू. तिला ऐकू यायचं. त्याची भाषा ती लग्नाआधी हट्टाने शिकली होती. त्या खुणांत अहो-जाहो नव्हतं, म्हणून नवऱ्याला पहिल्या दिवसापासून अरे-तुरे. सासूने कपाळाला हात लावला होता.

ती बुटांच्या दुकानात विक्रीला होती. दिवसभर लोकांच्या पायाशी बसायची आणि तिथलं सगळं त्याच्यासाठी गोळा करून आणायची. संध्याकाळी पॉलिशच्या वाफेने त्याचे डोळे चुरचुरत, आणि डोळे मिटले की त्याचं ऐकणं बंद. म्हणून गप्पांची वेळ सकाळची. घरात रेडिओ नव्हता, ती होती.

मग छातीत गाठ निघाली. ऑपरेशन झालं, किरणं देऊन झाली. पाळी जाऊन बरीच वर्षं झालेली, तेव्हा डॉक्टरांनी रोजची एक गोळी लिहून दिली. बाईच्या अंगात उरलंसुरलं जे हार्मोन तयार होतं, ते बंद पाडायचं, म्हणजे गाठ परत डोकं वर काढणार नाही. पाच वर्षं घ्यायची, चुकवायची नाही.

गोळी एवढीशी, पण तिने बाईचं पार चिपाड केलं. गिऱ्हाइकाच्या पायात बूट चढवता चढवता मानेतून वाफा निघायच्या आणि अंग भिजायचं. गुडघे जिना उतरताना रडवायचे. तिने सोसलं. बायकांना सोसायची सवय असते, असं म्हणणाऱ्याच्या कानाखाली एक ठेवून द्यावीशी वाटते. सवय नसते, इलाज नसतो.

बोटांचं मात्र सोसवेना. सकाळी मुठी उघडायच्या नाहीत. अंगठा वाकला की वाकलेलाच राहायचा, मग खटकन सुटायचा आणि डोळ्यांत पाणी आणायचा. ज्या गोष्टीला पूर्वी ती पाव तास घ्यायची, ती तीन खुणांत उरकायला लागली. हो. नाही. मग सांगते. हात दुखतात हे सांगायचं टाळलं, कारण ऑपरेशनच्या वेळी तो लहान पोरासारखा रडला होता. पुन्हा त्याच्या जिवाला घोर कशाला?

त्याने आपला अर्थ लावला. त्याला वाटलं, मरण बघून आलेली बाई आता आपल्याला विटली. एक दिवस तो खिडकीकडे तोंड करून चहा प्यायला. त्याने पाठ फिरवली म्हणजे दार लावल्यासारखंच.

तिने डॉक्टरांना सांगितलं, "हात आखडतात हो. बोलता येत नाही."

डॉक्टर कागदावर लिहीत होते. "सांधे दुखणारच. चालायला जा. घरकामाला बाई ठेवा."

बोलायलाही बाई ठेवू का, हे तिच्या ओठांवर आलं होतं. गिळलं. तिथे गिळलं नसतं तर पुढचं टळलं असतं कदाचित, पण समोरच्याने मान वर करायची तसदी घेतली असती तरीही टळलं असतं.

दुसऱ्या दिवसापासून ती गोळी बेसिनमध्ये टाकायला लागली.

हळूहळू बोटं सैल झाली. मग एका सकाळी तिने मालकाची आणि एका भांडखोर म्हातारीची अख्खी जुगलबंदी करून दाखवली, दोघांच्या तोंडांसकट. नवरा हसून हसून टेबलावर आडवा झाला. हात आखडले होते म्हणून गप्प होते, आता सुटले, हे तिने तेव्हा कुठे त्याला सांगितलं.

"गोळी लागू पडली एकदाची," तो म्हणाला.

तिचे हात हवेतच थांबले. तेवढ्यात खरं सांगता आलं असतं. पण तो इतका खूश होता. आणि मग तो स्वतःच रोज सकाळी पाण्याचा पेला नि गोळी तिच्यासमोर धरायला लागला. ती गोळी गालात धरायची, त्याच्याकडे बघून हसायची आणि तोंड धुवायला जायची.

पुढच्या तपासणीला तो हटून बरोबर आला, डागाळलेले हात घासूनपुसून. डॉक्टरांसमोर बसल्या बसल्या म्हणाला, "यांना सांग. यांच्या गोळीने माझ्या बायकोचे हात परत दिले. मोठे उपकार झाले."

ते तोंडाने बोलून दाखवणं तिच्याच नशिबी होतं. तिने सांगितलं, शब्दन् शब्द.

डॉक्टरांनी पहिल्यांदा मान वर केली. "या गोळीने हात मोकळे होत नाहीत, आखडतात. तुम्ही गोळी घेताय ना?"

"काय म्हणतात?" नवऱ्याने विचारलं.

"छान झालं म्हणतात."

"छान म्हणणाऱ्याचं तोंड असं नसतं."

मग तिने सांगितलं. डॉक्टरांना तोंडाने, त्याला मोकळ्या बोटांनी, न अडखळता, स्वतःविरुद्धची साक्ष. तो पापणी न हलवता बघत राहिला. डॉक्टर म्हणाले, "आधी का नाही सांगितलंत? याच जातीतली दुसरी देऊन बघू. कुणाला सोसते, कुणाला नाही. अंगठ्यात इंजेक्शन देता येईल." तिने तेही त्याला सांगितलं.

घरी आल्यावर चपला काढायच्या आधीच तो म्हणाला, "मला फसवलंस."

"तुझ्याशी बोलायला हात हवे होते."

"आणि मेल्यावर कशाने बोलणार होतीस?"

"पाच वर्षं मुकी राहून जगू? कुणाशी? भिंतीशी?"

"माझ्याशी. तू गप्प राहा. मी बोलेन. मी काय कमी बोलतो?"

तिला हसू आलं आणि ते मध्येच फाटलं. त्याने तिची दोन्ही मनगटं धरली. हात धरले म्हणजे तोंड दाबल्यासारखं. इतक्या वर्षांत त्याने असं कधी केलं नव्हतं. त्याच्याही लक्षात आलं. त्याने पटकन सोडली.

ती नवी गोळी घ्यायला लागली. तो रोज समोर बसायचा, ती गिळायची, जीभ दाखवायची. काही आठवडे बरे गेले. मग एका सकाळी मूठ उघडली नाही. इंजेक्शनने अंगठा थोडे दिवस सुटला, नंतर पहिल्यासारखाच. डॉक्टर म्हणाले, याहून वेगळ्या गोळ्या आहेत, पण तुमच्या गाठीला हीच जास्त रोखून धरते. ती घेत राहिली.

काल दुकानात एक गिऱ्हाईक दोन्ही पायांत डाव्या पायाचे बूट घालून आरशासमोर फिरलं आणि म्हणालं, वा, अगदी मापाचे. ते तिला नवऱ्याला सांगायचं होतं. त्याचं ऐटबाज चालणं, मालकाचा चेहरा, सगळं. तिने चार खुणांत सांगितलं. माणूस. बूट. दोन्ही डावे. खूश.

तो हसला, मान हलवली. "समजलं."

ही मान तिच्या ओळखीची होती. बँकेत, दवाखान्यात, ऐकू येणाऱ्यांचं काही कळलं नाही की तो अशीच हलवायचा, म्हणजे समोरचा सुटायचा. तिच्यासमोर आजवर कधी हलवली नव्हती.

तिने त्याची हनुवटी धरून तोंड वर केलं.

"खोटारड्या. नीट बघ."

आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. माणूस जमला, बूट जमले. 'डाव्या'च्या खुणेला अंगठा अडकला. तो डोळे न मिटता बसून राहिला, अंगठा सुटायची वाट बघत.