वाकडं बोट

स्पर्धेला पाठवायच्या आधी बाई मुलांच्या चित्रांवर हात फिरवायच्या. मुलं घरी गेली की कागद ओळीने मांडायचे, बारीक ब्रश घ्यायचा, कुठे आकाश सारखं करायचं, कुठे नाक सरळ करायचं. याला चोरी म्हणत नाहीत, शिकवणं म्हणतात. असं म्हटलं की झोप चांगली लागते. नऊ वर्षं बाईंच्या वर्गाला बक्षिसं मिळत होती आणि नऊ वर्षं बाईंना झोप चांगली लागत होती.

वर्ग दादाच्या खोलीत भरायचा. दादा म्हणजे बाईंचा मोठा भाऊ. खाली त्याचं काचेचं दुकान, वर ही खोली, खोलीला उत्तरेची खिडकी. दिवसभर न हलणारा उजेड. चित्रकाराला आणखी काय लागतं? पण यंदा दादाने सरळ सांगून टाकलं होतं की गणिताचे सर खोली मागतायत. बक्षिसं आली तर खोली तुझी, नाही आली तर त्यांची.

म्हणून यंदा बाईंनी जरा जास्तच हात फिरवला.

चित्रं पाठवायला चार दिवस होते. विषय होता ‘कामात गुंतलेला माणूस’. बाईंनी चित्रं परत वाटली तेव्हा सतरा जणांनी आपापल्या चित्राकडे बघून माना डोलावल्या. अठरावी होती टाचणी. दहा वर्षांची, हाडकुळी, आणि तोंड उघडलं की टोचणारच, म्हणून टाचणी. तिचे आजोबा न्हावी. तिने त्यांनाच काढलं होतं, गिऱ्हाइकाच्या कानामागे कात्री चालवताना.

तिने कागद जवळ धरला, लांब धरला आणि उठून बाईंच्या टेबलावर ठेवला.

"हे तुमचं चित्र आहे, बाई. मला दुसरा कागद द्या."

बाई म्हणाल्या, काहीतरीच बोलू नकोस, मी फक्त हात नीट केलाय, तुझं बोट चुकलं होतं.

"चुकलं नव्हतं. आजोबांचं ते बोट वाकडंच आहे. कात्री धरून धरून झालंय. मी रोज बघते."

मागच्या बाकावर कुणीतरी खुसखुसलं. बाईंनी डोळे वटारले.

संध्याकाळी आजोबा नातीला न्यायला आले. बाईंनी त्यांना हात दाखवायला सांगितला. म्हातारा गोंधळला, मग डॉक्टरपुढे धरावा तसा त्याने हात पुढे केला. करंगळीशेजारचं बोट मधल्या पेराशी बाहेर वळलेलं, आत कातडीची गाठ. पोरीने काढलं होतं अगदी तस्संच. आणि तीस वर्षं ब्रश धरलेल्या बाईंनी ते न बघताच खोडून तिथे एक गोंडस बोट चिकटवलं होतं.

सगळे गेल्यावर त्यांनी बाकीची सतरा चित्रं पुन्हा मांडली. गवंडी, नर्स, पोस्टमन, मासे विकणारी बाई. सगळ्यांना तेच गोंडस बोट. जसे काही सगळे एकाच कारखान्यातून बाहेर पडले होते. बाईंना स्वतःची किळस आली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी अठरा कोरे कागद वाटले आणि आपला ब्रश कपाटात टाकून कुलूप लावलं. यंदा मी कागदाला हात लावणार नाही, म्हणाल्या, कुणी रडलं तरी नाही.

एकाने विचारलं, "मग आमचं वाईट आलं तर?"

"तर वाईट पाठवू. पण तुमचं."

बोलायला सोपं होतं. एका पोराने गवंड्याचा हात थेट कानातून काढला, तेव्हा बाईंची बोटं शिवशिवली. त्या हात पाठीमागे बांधून उभ्या राहिल्या. तू हे कुठे बघितलंस, एवढंच विचारलं, आणि त्याला समोर चाललेल्या बांधकामावर अर्धा तास उभं केलं. परत आल्यावर त्याने हात खांद्यातून काढला. काढला तोही मुसळासारखा, पण खांद्यातून.

तिसऱ्या दिवशी दादा वर आला. एका चित्रापाशी थांबून त्याने विचारलं, ही कोंबडी आहे का? बाई म्हणाल्या, ती नर्स आहे.

"डोकं फिरलंय तुझं. तासभर बस, हात फिरव, मोकळी हो."

"आज तासभर बसले तर आयुष्यभर बसेन, दादा. खोली द्यायची तर दे त्यांना."

दादा जिना उतरून गेला.

स्पर्धेच्या कचेरीत शिक्षकाने लिहून द्यायचं असतं की चित्रं मुलांनी स्वतः काढली आहेत. बाईंनी सही केली. मग दुसरा कागद पुढे सरकवला. त्यात लिहिलं होतं की याआधीच्या नऊ सह्या खोट्या होत्या.

कारकुनाने वाचलं आणि आवाज खाली आणला. बाई, सगळेच करतात, म्हणाला, हे मी घेतलं तर उद्या परीक्षकांच्या पोरांची चित्रंही बघावी लागतील.

"मग बघा. शिक्का मारा."

त्याने मारला. इतकी वर्षं खोटं खपवणारी कचेरी खऱ्यावर मात्र आठवड्यात पेटून उठली. वर्ग स्पर्धेतून बाद, जुनी बक्षिसं रद्द. पालक येऊन वाट्टेल ते बोलून गेले. बाईंनी ऐकून घेतलं, कारण त्यातलं निम्मं खरं होतं. अकरा मुलं गेली. महिनाअखेरीला खोलीही गेली.

टाचणीचं चित्र कुणी उघडूनसुद्धा पाहिलं नव्हतं. हे बाईंनी तिला स्वतः तोंडावर सांगितलं, आणि दोष माझा आहे, तुझा नाही, हेही सांगितलं. पोर बुटाने जमीन उकरत राहिली. डोळे भरले होते, पण पुसले नाहीत.

"उद्या वर्ग आहे ना?" तिने विचारलं.

"आहे. माझ्या स्वयंपाकघरात. उजेड कमी आहे, सगळेच लवकर या. आणि बसायला काहीतरी घेऊन या, खुर्च्या दोनच आहेत."