जुडीच्या पोटात

पालेभाजीची जुडी घरी आणून सोडली की कधीकधी काय होतं, हे मी तुम्हाला सांगायला नको. वरची पानं टवटवीत, देठ कोवळे, आणि मधोमध हात घातला की बोटांना काहीतरी बुळबुळीत लागतं. कालची, परवाची, काळी पडलेली पानं नव्या पानांच्या पोटात दडवलेली असतात. आपण तोंड वाकडं करतो, दोन शब्द पुटपुटतो, निम्मी जुडी कचऱ्यात टाकतो आणि उरलेली निवडायला बसतो. विकणाऱ्याला जाऊन मात्र काही सांगत नाही. एवढ्यासाठी परत जिना कोण उतरणार?

ही गोष्ट अशाच एका जुडीची आहे.

शहराच्या कडेला, रस्त्यावरचे दिवे संपतात तिथे, एका माणसाची पाऊण एकर जमीन होती. पालक, मेथी, शेपू, कोथिंबीर आणि पाण्याच्या टाकीजवळच्या ओलीत पुदिना; दुसरं काही तो लावत नसे. पहाटे तो आणि त्याची बायको कापणी करत, ती जुड्या बांधी, आणि सात वाजता दोघं एका गल्लीच्या तोंडाशी, टेलरमास्तरांच्या दुकानासमोर, बाकावर माल मांडत. लोक त्यांना जुडीवाले काका म्हणत, पण खरं तर जुड्या काकूंच्या होत्या. मास्तरांकडे गणवेशांचा निळा दोरा उरायचा, त्याची रिळं ते काकूंना देत. त्या दोऱ्याचे दोन वेढे आणि एक गाठ, की झाली जुडी. निळा दोरा दिसला की गल्लीतल्या बायका जुडी उलटीसुलटी करूनही बघत नसत. पिशवीत टाकायच्या आणि चालू लागायच्या.

आदल्या दिवशी उरलेला माल काकू वेगळ्या पाटीत ठेवत. पाटीवर खडूने लिहिलेलं असे, ‘कालची’. ज्याला चाले तो स्वस्तात नेई, कोणी नेली नाही तर ती शेतातल्या खताच्या खड्ड्यात जाई.

आठ महिन्यांपूर्वी काकू गेल्या. ताप आला, तीन दिवस राहिला, आणि चौथ्या दिवशी काका दवाखान्यातून एकटेच घरी आले. रडले नाहीत. नातेवाईक म्हणाले, धीराचा माणूस आहे. धीर कसला! त्यांच्या आत काही हलतच नव्हतं. घड्याळात एक वाजला की ते जेवत, नऊ वाजले की आडवे होत. चहा उतू जाताना दिसला तरी बघत उभे राहत. सासरी असलेली मुलगी फोनवर विचारी, “बाबा, बरं आहे ना?” ते म्हणत, “आहे की.” मग दोघंही फोन ठेवत.

पहिल्यांदा ते कधी घडलं, हे काकांना नीट आठवतही नव्हतं. काकू जाऊन महिना झाला असेल. एका पहाटे उठायला उशीर झाला. दोघांची कापणी एकट्याने उरकेना. हाताशी कालची पाटी होती. त्यांनी मूठभर कालची मेथी घेतली, तिच्याभोवती आजची लावली आणि निळा दोरा गुंडाळला. कोणी काही बोललं नाही. दुसऱ्या दिवशी दोन मुठी गेल्या. पुढे ‘कालची’ पाटी बाकावर यायचीच बंद झाली. मन खात नव्हतं का, असं तुम्ही विचाराल. मन खायला आधी ते जागं तर हवं! चार पैसे जास्त मिळाल्याचा आनंद नव्हता आणि लाजही नव्हती. हात चालत होते, एवढंच.

आणि खप? तो तसाच होता. रोज माल संपे. काकांना वाटे, कोणाला कळत नाही.

गल्लीत पहिल्या मजल्यावर निवृत्त नर्सबाई एकट्या राहत. नऊ वर्षं त्यांचा नेम चुकला नव्हता, रोज एक शेपू आणि एक दिवसाआड पुदिना. एके दिवशी मात्र त्या खाली आल्या नाहीत. गुडघा धरलाय, म्हणून मास्तरांनी सकाळीच त्यांची शेपू नेऊन दिली होती. माल संपल्यावर काकांनी बाईंसाठी बाजूला ठेवलेला पुदिना उचलला आणि ते जिना चढले. दार उघडंच होतं.

स्वयंपाकघरात टेबलावर वर्तमानपत्र पसरून नर्सबाई शेपू निवडत होत्या. समोर दोन ढीग होते. एक हिरवा. दुसरा काळपट, चिकट, आणि हिरव्यापेक्षा मोठा. मध्ये निळा दोरा पडला होता. काका दिसताच बाईंनी वर्तमानपत्राचं एक पान घाईघाईने त्या काळ्या ढिगावर ओढलं. चोरी पकडली गेल्यासारखा चेहरा त्यांचा झाला, काकांचा नाही!

“या या, बसा. उगाच जिना चढलात.”

“बाई, ही आजचीच जुडी ना?”

“हो, म्हणजे... असू द्या हो. उन्हाचे दिवस आहेत, पाला नासतोच.”

“तो कागद काढा.”

“राहू द्या ना, काका.”

काकांनी स्वतःच कागद बाजूला केला. बराच वेळ ते त्या ढिगाकडे बघत राहिले. त्यांना काहीच वाटलं नाही. दुसऱ्या कोणाच्या शेतातला माल असावा, तसे ते बघत होते.

“कधीपासून कळलं तुम्हाला?”

“पहिल्या दिवसापासून,” नर्सबाई हळूच म्हणाल्या. “सात महिने होत आले.”

“आणि बाकीच्यांना?”

“सगळ्यांनाच माहीत आहे. मास्तर दोन जुड्या घेतात, तेव्हा कुठे एका वेळची भाजी होते. समोरच्या घरातली सूनबाई तुमच्याकडून घेते आणि शिजवायला दुसरीकडून आणते. काकांना काही बोलायचं नाही, असं आमचं ठरलंच होतं. बिचाऱ्यांवर केवढा प्रसंग आलाय...”

बिचारे! तो शब्द काकांना पाठीत गुद्दा बसावा तसा लागला.

“म्हणजे तुम्ही भाजी घेत नव्हता,” ते म्हणाले. “भीक घालत होता मला.”

नर्सबाईंनी हातातली काडी खाली ठेवली. वॉर्डातला त्यांचा जुना आवाज बाहेर आला.

“हो, भीकच! आता उभं राहून ऐका. चाळीस वर्षं मी नोकरी केली. पेशंटला दुखतं म्हणून ड्रेसिंग न बदलणारी नवी मुलगी आली की मी तिला फैलावर घ्यायची. वरून पांढरीशुभ्र पट्टी आणि आत पू! आणि म्हातारपणी मीच तसं वागले. तुमची चूक दिसली की रोज तिच्यावर कागद ओढला. तुम्हाला दुखू नये म्हणून, असं मी स्वतःला सांगत होते. खोटं आहे ते! तोंडावर सांगायचं अवघड काम मला टाळायचं होतं.”

काकांची नजर टेबलावरच्या निळ्या दोऱ्यावर गेली.

“पण म्हणून तुम्ही सुटत नाही. निळा दोरा बघून आम्ही डोळे झाकून जुडी घ्यायचो. दोरा मास्तरांचा असेल, पण त्याच्यावरचा भरवसा त्या माउलीने वर्षानुवर्षं पहाटे उठून मिळवला होता. तो तुम्ही नासक्या पाल्याभोवती गुंडाळलात. राग येतोय? येऊ द्या. मला तर बरंच वाटेल!”

काकांनी पुदिना टेबलावर ठेवला आणि ते जिना उतरले. घरी आल्यावर निळ्या दोऱ्याचं रीळ हातात घेऊन टाकीच्या कट्ट्यावर बसून राहिले. कानाच्या पाळ्या तापल्या होत्या. आठ महिन्यांत पहिल्यांदाच त्यांना काहीतरी जाणवत होतं आणि ते चांगलं मुळीच नव्हतं. लाज वाटत होती, सपाटून लाज!

दुसऱ्या दिवशी बाकावर नेहमीच्या निम्म्याही जुड्या नव्हत्या. शेजारी जुनी पाटी होती आणि तिच्यावर खडूने लिहिलं होतं, ‘कालची’. गिऱ्हाइकं जमली तशी काकांनी एक जुडी हातात घेतली, दोरा सोडला आणि पाला सगळ्यांसमोर पसरला.

“सात महिने मी तुम्हाला नासका माल दिला,” ते म्हणाले. “तिच्या गाठीत बांधून दिला. आजपासून जुडी इथेच सोडून बघा आणि मगच घ्या.”

कोणाला कुठे बघावं ते कळेना. समोरची सूनबाई पुटपुटली, “जाऊ द्या हो काका, एवढं काय...”

“जाऊ देऊ नका!” काका ओरडले. “पाया पडतो, पण आता जाऊ देऊ नका!”

टेलरमास्तर दुकानातून उठून आले. त्यांनी मेथीची जुडी घेतली, दोरा सोडला, चष्मा कपाळावर चढवून एकेक काडी बघितली. मग घसा खाकरून म्हणाले, “आत काही नाही, ताजी आहे. पण काका, माती फार आहे. आणि काकूंच्या जुडीपेक्षा ही बारीक आहे.”

काका ताडकन उठले. “बारीक? मास्तर, तो चष्मा डोळ्यांवर घ्या आधी! तुम्ही शिवलेल्या माझ्या विजारीचा डावा पाय दोन वर्षं बोटभर आखूड आहे. बोललो का मी कधी?”

“मग बोलायचं होतंत की! आणून द्या, उसवून लांब करून देतो.”

“आणि तोवर काय घालू?”

आधी सूनबाई हसली, मग सगळेच हसले. वर खिडकीत नर्सबाई गजाला धरून हसत होत्या. काकाही हसले. मास्तरांची कशी जिरवली हे सांगायला त्यांनी सवयीने डावीकडे मान वळवली. काकू नेहमी डावीकडे बसत. तिथे निळ्या दोऱ्याचं रीळ तेवढं होतं.

आणि तिथेच, भर सकाळी, सगळ्या गल्लीसमोर, जुडीवाले काका आठ महिन्यांचं रडले. जाऊ द्या, असं या वेळी कोणी म्हणालं नाही. मास्तर बाकावर त्यांच्या शेजारी येऊन बसले आणि ‘कालची’ पाटीतली भाजी ज्याला हवी त्याला देऊ लागले.

मित्रहो, काकांनी फसवलं, हा त्यांचा दोष. त्याची लाज त्यांना वाटली आणि त्यांनी चारचौघांत कबूलही केलं. पण आपलं काय? शेजाऱ्याचा, दुकानदाराचा, आपल्याच घरातल्या माणसाचा पाय घसरताना आपण रोज बघतो, वर कागद ओढतो आणि त्याला माणुसकी म्हणतो. ज्याची कीव येते त्याला आपण काही सांगत नाही. ज्याला आपला समजतो त्याच्याशीच भांडतो. तेव्हा उद्या जुडीत नासका पाला निघाला, तर मुकाट्याने टाकून देऊ नका. जिना उतरा. सांगून या.

काकांच्या विजारीचे दोन्ही पाय आता सारखे आहेत. मेथीत माती मात्र अजून निघते, आणि मास्तर ते रोज सांगतात.