बांधाआडचे व्याही

नेमबाजी क्लबच्या सेक्रेटरींवर ज्यांनी खटला भरला होता ते त्यांचे व्याहीच होते. त्यामुळे नोटिशीपाठोपाठ सेक्रेटरींच्या दुखऱ्या गुडघ्यांची विचारपूसही यायची. रेंजच्या टोकाला गोळ्या अडवायला मातीचा बांध होता आणि बांधामागे व्याह्यांचं घर. एका सकाळी बांधावरून गेलेल्या गोळीनं त्यांच्या गच्चीवरची टाकी फोडली. सेक्रेटरींची लेक तेव्हा टाकीशेजारी कपडे वाळत घालत होती.

बांध उंच करा, एवढंच सेक्रेटरी म्हणत होते. सभेत त्यांनी हे इतक्यांदा मांडलं होतं, की ते उभे राहिले की कुणीतरी चहाच मागवायचं.

"बांधाला हात लावायचा नाही," वकील म्हणाले. ते क्लबचेच सभासद होते, फी मात्र परक्यासारखी घेत. "उंच केलात तर आधी बुटका होता हे कबूल केल्यासारखं होईल."

"पण तो बुटकाच आहे!"

"हे कोर्टात बोलू नका हं."

"मग निकाल लागेपर्यंत गोळीबार तरी थांबवा."

"म्हणजे धोका मान्य केला! सगळं नेहमीसारखं चालू राहिलं पाहिजे."

"आणि मातीला पैसे कुठायत?" खजिनदार म्हणाले. "सगळे वकीलसाहेबांच्या घशात."

वकील शांतपणे चहा प्यायले.

संध्याकाळी लेकीचा फोन आला. "बाबा, सासूबाई म्हणतात, माहेरची गोळी आहे, तूच झेल. मी जात नाही वर. पण आमची छकुली ऐकते का? डोळा चुकवून पळतेच गच्चीवर."

सेक्रेटरींनी फोन ठेवला. भांडायचंही त्राण उरलं नव्हतं.

सकाळी सभासद बंदुका घेऊन जमले. रेंजवरचा एक नियम मोडायची कुणाची छाती नव्हती: निशाणं बदलायला माणूस पुढे गेला, की बंदुका रिकाम्या करून खाली ठेवायच्या आणि तो परतेपर्यंत त्यांना शिवायचं नाही. सेक्रेटरींनी एक खुर्ची उचलली, बांधापर्यंत चालत गेले आणि बसले.

"झालं का हो?" मागून हाक आली.

"चाललंय."

"निशाणं तर नवी कोरी आहेत!"

"बघतोय ना नीट."

बऱ्याच वेळानं वकील धापा टाकत आले. "अहो, हे क्लबनं गोळीबार थांबवल्यासारखं दिसतंय!"

"क्लबनं कुठं थांबवलाय? मी परत आलो की खुशाल करा."

"मग चला ना!"

"गुडघे धरलेत. बघू."

खुर्चीवर बसण्याविरुद्ध कुठलं कलम लागतं याचा विचार करत वकील परत गेले. मागे बंदुका पेट्यांत जाऊ लागल्या. कुणी शिव्या घातल्या, कुणी सेक्रेटरींना काढून टाकायचा ठराव मांडला, पण सही करायला सेक्रेटरीच जागेवर नव्हते.

दुपार कलली तेव्हा खजिनदार आपली खुर्ची ओढत आले.

"तुम्ही जेवून या," ते म्हणाले. "तोवर मी बसतो. घाई नको. इथं निदान फी नाही."