पाला न टाकण्याचा दिवस

नानासोंनी तुतीच्या फांद्यांचा भारा रॅकवर आपटला आणि कान दिला. शेडमध्ये काहीच वाजेना. कालपर्यंत पाला पडायचा अवकाश, रेशमाच्या अळ्या अशा तुटून पडायच्या, की भट्टीत चुरमुरे फुटल्यासारखा आवाज यायचा. आज सकाळचा पाला तसाच सुकला होता आणि अळ्या तोंडं वर करून गप्प बसल्या होत्या.

कोरेगावजवळच्या या गावात सुभेदार म्हणून निवृत्त होऊन आल्यावर नानासोंनी घातलेली ही रेशमाची पहिलीच बॅच. पाल्याच्या वेळा त्यांनी पलटणीतल्या जेवणासारख्या लावल्या होत्या. सत्तेपुढे शहाणपण चालत नाही, तिथे अळ्यांची काय कथा. त्या खाईनात म्हणून दुपारी त्यांनी आणखी पाला टाकला होता.

घरात मुलाच्या, पृथ्वीराजच्या बाबतीतही तेच चाललं होतं. सैन्यभरतीत पुन्हा थोडक्यात हुकल्यापासून पोरगं भिंतीकडे तोंड करून पडून होतं. नानासो रोज पहाटे त्याचं पांघरूण ओढायचे, तो मुकाट्याने ते परत अंगावर घ्यायचा. आजा फौजेत, बाप फौजेत आणि हा असा. पोर हातचं जातंय, अशी नानासोंना भीती वाटायची. पण भीती बोलून दाखवायची त्यांना सवय नव्हती, म्हणून ते ओरडायचे.

"रोग पडला," दारात आलेल्या बायकोला ते म्हणाले. "कुदळ आण. पुरून टाकतो समदं."

"आवं, कुणाला इचारा तरी," सुलाबाई म्हणाल्या.

"इचारायचं काय त्यात? खात न्हाईत, हलत न्हाईत. मेल्यात जमा."

सुलाबाई कुदळ आणायला गेल्या नाहीत. त्या घरात गेल्या. थोड्या वेळाने शेडच्या दारात पृथ्वीराज उभा होता, दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. नानासोंनी एक रॅक उपसायला घेतलाच होता.

"आबा, हात लावू नका."

किती दिवसांनी तो बापाशी बोलला होता. नानासोंचे हात आपोआप थांबले.

"कात टाकायला बसल्यात त्या," पृथ्वीराज म्हणाला. "रेशमाच्या ट्रेनिंगात सांगितलं हुतं. तुमी पाल्याच्या येळा पाठ करत हुता तवा."

"मग खात्याल कवा?"

"उठल्यावर."

"आन तवर आपुन काय करायचं?"

"काय न्हाई. पाला टाकायचा न्हाई, हलवायचं न्हाई. हलवलं की मरत्यात."

त्याने वाकून वरच्या ओल्या फांद्या एकेक करून अलगद उचलल्या, बाहेर टाकल्या आणि तो परत खोलीकडे वळला. आलाच आहेस तर दाढी कर, असं नानासोंच्या अगदी ओठावर आलं होतं. त्यांनी ते गिळलं.

मग ते पालथ्या क्रेटवर बसून राहिले. काही न करता बसणं त्यांना फार जड जात होतं. कडेच्या एका अळीची कातडी डोक्यामागे उकलली होती. ती जरा सरकायची, थकून थांबायची, पुन्हा सरकायची. मदतीला म्हणून त्यांनी बोट पुढे केलं आणि चटकन मागे घेतलं. बऱ्याच वेळाने जुनं कातडं मागे पडलं. आतून निघालेलं अंग फिकट आणि सुरकुतलेलं होतं, पण ते हलत होतं.

तेवढ्यात फोन वाजला. साताऱ्यात भरतीची अकादमी चालवणारा, त्यांच्या पलटणीतला दोस्त अर्जुना बोलत होता.

"नानासो, सोमवारपास्नं नवी बॅच हाय. पोराला घिऊन येताय न्हवं? नुसती पडून पोरं बिघडत्यात गड्या."

चारच दिवसांपूर्वी नानासोंनी स्वतः त्याला शब्द दिला होता. त्यांनी अंगणापलीकडच्या बंद खिडकीकडे पाहिलं.

"न्हाई येत," ते म्हणाले, कुणाची झोपमोड होऊ नये इतक्या हळू आवाजात.

"का रं? आजारी हाय का?"

"आजारी न्हाई. उठला की त्योच सांगंल, कुठं जायाचं ते."