एकेचाळीस नंबरचं घर

‘घरात माणसं किती?’ एक. ‘खोल्या?’ दोन. ‘शेळ्या?’ दोन.

टेकडी चढता चढताच पाहणीवाल्या बाई टॅबवर उत्तरं भरत होत्या. धुक्यात पायवाट विरघळली होती आणि कानात म्हातारीचा आवाज आपोआप उमटत होता. नियमाने हे चूकच; आधी विचारायचं, मग लिहायचं. पण एकोणीस वर्षं त्याच म्हातारीला तेच साठ प्रश्न विचारल्यावर कसला नियम नि कसलं काय!

हवामान बदललं की गरिबाच्या शेताचं नि ताटाचं काय होतं, याचा अभ्यास दूरच्या एका संस्थेतली विद्वान मंडळी करत. त्यांच्यासाठी बाई या गावातली निवडलेली तीस घरं हिंडत. शेवटचा प्रश्न असे: पुढच्या वर्षी पाऊस कसा राहील? विहीर आटो की बांध फुटो, म्हातारीचं उत्तर ठरलेलं. बरा राहील. या एकेचाळीस नंबरच्या घराच्या आशावादावर एका विद्वानाने पानभर लिहिलंही होतं म्हणे.

बाईंनी एकदा छेडलंच होतं, “अहो आजी, सगळं पीक करपलं, तरी बरा?”

“अगं, तू एवढा चढ चढून विचारायला येतेस. तोंडावर नाही कसं म्हणू?”

आठवून बाईंना आताही हसू आलं. साठही उत्तरं भरून झाली तेव्हा त्या दारात पोचल्या होत्या. दाराला कुलूप होतं.

“उशीर केलात हो बाई,” शेजारीण म्हातारीच्या शेळ्या घेऊन कुंपणाशी आली. “तीन महिने झाले तिला जाऊन.”

बाई पायरीवर मटकन बसल्या.

“शेवटी शेवटी तुमचाच घोशा. माझ्याकडून घोकून घेतलंन सगळं. शेळ्या दोन, डाळ आठवड्यातून दोनदा...”

“आणि पाऊस?”

“बरा राहील म्हणाली. पोरीला नाराज करू नकोस म्हणाली.”

पोरीला! पन्नाशी उलटलेल्या बाई पदर तोंडाशी धरून रडल्या.

मग त्यांनी पाहणीच्या साहेबांना फोन लावून सगळं सांगितलं. तीसच्या खाली घरं गेली की गावच अभ्यासातून बाद, हा नियम दोघांनाही पाठ होता.

“उत्तरं भरलीत ना?” साहेब हळूच म्हणाले. “मग पाठवून द्या की. कोण बघायला येतंय?”

“उत्तरं आहेत, साहेब. आजी नाहीत.”

एक बटण दाबलं असतं तर गाव राहिलं असतं, हा चढ राहिला असता, म्हातारीही कुठल्या तरी तक्त्यात जगली असती. बाईंना मोह झाला, का नाही व्हायचा? पण गेलेल्या माणसाने परवा डाळ खाल्ली, असं कसं लिहायचं? उद्या त्याच आकड्यावर बोट ठेवून कुणी म्हणायचं, इथे बरं चाललंय.

त्यांनी पहिल्या प्रश्नापुढचा एक पुसून शून्य केलं. खालची सगळी उत्तरं भराभर नाहीशी झाली. पावसाचंही गेलं. टॅब पिशवीत ठेवून त्या उठल्या.

“पुढच्या वर्षी येणार ना, बाई?” शेजारणीने विचारलं. “या हो. मी सांगेन तुम्हाला शेळ्यांचं.”

बाईंनी एका शेळीच्या पाठीवरून हात फिरवला.

“येईन की,” त्या म्हणाल्या, आणि उतार उतरू लागल्या.