कड्यावर लटकलेला शिलेदार

धाकटा भाऊ गेल्यापासून ताईला काही वाटायचंच बंद झालं होतं. दिवसभर लाँड्रीत उभ्याने इस्त्री करायची, पण पाय दुखलेलेही कळायचे नाहीत. जेवायची, झोपायची. रडू मात्र येत नव्हतं. धाकटा कुठेही पोचला की फोन करायचा, "पोचलो." ही म्हणायची, "बरं, जेवून घे." त्या दिवशी मोटारसायकल काढून गेला आणि फोन आला तो हॉस्पिटलमधून.

त्याच्या खेळातल्या फाशांची थैली एकदाची देऊन टाकावी म्हणून ती त्याच्या क्लबात गेली. खोली एक, टेबलं दोन. खेळ तोच: मनाने एक माणूस रचायचा आणि त्याच्या वतीने जगायचं. पण एका टेबलावर सगळं फासे ठरवणार, दुसऱ्यावर फाशांचं नावही काढायचं नाही. हे त्यांना नाटकी म्हणणार, ते ह्यांना कारकून. दोघांतून विस्तव जात नव्हता. दोन्हीकडे बसणारा धाकटा एकटाच, त्यामुळे शिव्याही दोन्हीकडून खायचा.

फासेवाल्यांचा म्होरक्या, चष्मिस, थैली घेईना.

"ताई, त्याने रचलेला शिलेदार कड्यावर दोरीला लटकलाय. खेळ तिथेच अडलाय. दुसऱ्याच्या फाशांना आम्ही हात लावत नाही. तुम्हीच टाका. दहाच्या वर पडलं तर तो वर येईल. नाहीतर..."

ताईला त्याचंही काही वाटलं नाही. त्याने दाखवला तो वीस बाजूंचा फासा तिने उचलला आणि टाकला. अठरा.

"वाचला!" अख्खं टेबल ओरडलं.

हॉस्पिटलच्या बाकड्यावर बसून ती ह्याच शब्दाची वाट बघत होती. आला तो आत्ता, आणि इथे.

आरडाओरडा ऐकून पलीकडच्या टेबलावरच्या एक आजी उठून आल्या. त्यांच्याकडे खेळ पुढे न्यायचा तो प्रश्न विचारून.

"वर आला ना? मग आता काय करतोय तो?"

"ताईला फोन करतो," ताई म्हणाली. "पोचलो म्हणून."

"त्या जगात फोन नसतो," चष्मिस सवयीने बोलून गेला. आजींनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याची मान खाली गेली. मग घसा खाकरून तो म्हणाला, "एकदा लागला असं धरू."

"बरं," ताई म्हणाली, "जेवून घे." आणि मग तिला रडू आवरेना.