शेवटचा खांब नसलेला कठडा

निरीक्षकांनी वहीत ‘कठड्याचा शेवटचा खांब गहाळ’ असे लिहिले, तेव्हा जिन्याच्या पायथ्याशी त्यांच्यासोबत बाबा, आत्या आणि मी उभे होतो. बाबांच्या चेहऱ्यावर समाधान होते. आमच्या एका वास्तुविशारद पूर्वजाने एकोणिसाव्या शतकात स्वतःसाठी बांधलेले हे तीन मजली घर. त्याचा जिना मूळ रूपात असेल तरच ते वारसायादीत जाणार होते. नाही गेले, तर बाबा विकणार आणि घेणारा पाडणार.

“खांब कधी नव्हताच,” आत्या म्हणाली. तिला अडुसष्टावे लागले होते.

“ताई, खांबाशिवाय कठडा असतो का? तुझ्या पणजोबांना एवढंही कळत नव्हतं?”

“तुझेही पणजोबाच ते. घर विकायला काढलं म्हणून नातं विकलं जात नाही. आणि इथेच तुझा पुढचा दात पडला, तेव्हा कुठे होता खांब?”

बाबांची जीभ नकळत त्या दाताकडे गेली.

“शिवाय कठडा वीतभर रुंद आहे,” निरीक्षक हळहळले. “मुठीत मावत नाही.”

“तो हातासाठी नाहीच मुळी.”

आत्या तरातरा वर गेली. तिसऱ्या मजल्यावरून तिचा आवाज आला, “बाजूला व्हा रे.” आणि मग तीन मजले एखाद्या विरामचिन्हाविना लिहिलेल्या ओळीसारखे खाली आले, वळणावर भिंतीने पोट आत घेतले होते, तिथून तिचा गुडघा केसभर अंतराने निसटला, उजेड, लाकूड, पांढरे केस यांतले काय कुठले ते कळेना, आणि ती कठड्यावरून सुटून दोन्ही टाचांवर आमच्यासमोर उभी.

“वर पणजोबांची नकाशांची खोली, खाली जेवणघर,” ती धापा टाकत म्हणाली. “जेवण गार झालेलं त्यांना खपत नसे.”

निरीक्षक गुडघ्यांवर बसले. तिच्या टाचांखालच्या दगडात दोन उथळ खळगे होते, पिढ्यान्‌पिढ्यांनी झिजवलेले. खांब रोवल्याची खाच कुठेच नव्हती. त्यांनी खळग्यांत अंगठा फिरवला, वही उघडली आणि मघाची ओळ खोडली.

“अहो, पण मग आता लिहिणार काय?” बाबांनी विचारले.

निरीक्षकांनी कोट उतरवून माझ्या हातात दिला आणि दोन-दोन पायऱ्या चढत ते वर निघून गेले.